भाट्ये पुलाचं तैलचित्र: आधी भरतीची वेळ ठरवा

प्रश्न: रत्नागिरीच्या भाट्ये पुलाचं २४ बाय ३६ इंचांचं तैलचित्र केलं आहे. काठावरून समुद्राकडे तोंड करून दिसणारा पूल, मावळतीचा प्रकाश, तुडुंब भरलेली खाडी आणि भरपूर होड्या. वेगवेगळ्या वेळी फोनवर काढलेले फोटो जुळवून रचना केली. पण पूल चिकटवल्यासारखा दिसतो, पाणी पाणी वाटत नाही, होड्यांची नुसती गर्दी झाली आहे. राजिवड्याचे एक ओळखीचे नाखवा चित्र बघून हसले. काय चुकलं ते मात्र सांगेनात. शिवाय पावसाळ्यात चित्रावर पांढुरके डाग आले. चित्राचे पुढून-मागून काढलेले फोटो सोबत पाठवतो आहे. काय करावं?

उत्तर:

नाखवा का हसले ते आधी सांगतो, कारण तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

चित्रात सूर्य समुद्राला टेकायला आलाय आणि खाडी काठोकाठ भरलीय, इतकी की पुलाच्या खांबांवरची कालवंसुद्धा पाण्याखाली गेलीत. पुराचे दिवस सोडले तर रत्नागिरीत असं दृश्य दिसत नाही. खाडी एवढी भरते ती उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी नि मध्यरात्री, अकरा-बाराच्या सुमाराला येते. बंदरावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. पौर्णिमेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य बुडताना पाणी तळाला गेलेलं असतं किंवा नुकतं परतू लागलेलं असतं, आणि काठाचा चिखल उघडा पडलेला असतो. मावळतीला भरती हवी असेल तर अष्टमीच्या आगेमागे जायला हवं, आठाची पाऊणपट सहा. पण तो भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी भरतीचा काळ. त्या भरतीला पाणी उधाणासारखं चढतच नाही, खांबांवर ओल्या-कोरड्याचा पट्टा दिसत राहतो. हा हिशेब घड्याळाला घड्याळ लावून जुळणार नाही, पण चित्रकाराला तेवढा पुरतो.

तुम्ही म्हणाल, चित्र म्हणजे काही भरती-ओहोटीचं कोष्टक नव्हे. मान्य. चित्रकाराला पाणी वाढवायचा हक्क आहे. अडचण अशी की पाण्याची पातळी एकटी बदलत नाही, तिच्याबरोबर बाकी सगळं बदलतं. नांगरावरच्या होड्या वारा जोराचा नसेल तर प्रवाहाकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून उभ्या राहतात. भरती आत येत असेल तर सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, सुकती लागली की सगळ्या फिरून तोंडं वरच्या अंगाला. तुमच्या चित्रात डावीकडच्या चार होड्या एकीकडे आणि मधल्या तीन दुसरीकडे बघतायत. फोटो वेगवेगळ्या वेळचे, म्हणून. दर्यावर न गेलेल्या माणसालाही इथे काहीतरी खटकतं, फक्त त्याला नाव देता येत नाही. गर्दी वाटते ती होड्यांच्या संख्येमुळे नाही, त्या एका पाण्यात उभ्या नाहीत म्हणून.

वाहती नदी, वर पूल आणि खाली वर्दळ, हा विषय ज्यांनी रंगवून ठेवला त्यांची चित्रं एकदा या नजरेने बघा. मोनेने १८९९ ते १९०१ या काळात लंडनला येऊन सॅव्हॉय हॉटेलातून वॉटर्लू पुलाची मालिका केली. तिथली थेम्स भरतीची नदी आहे. उधाणाला पाणी सहा मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. आपल्याकडे हाच फरक दोन मीटरच्या आसपास. पिसारोने १८९६ मध्ये फ्रान्समधल्या रूआँला हॉटेलच्या खिडकीतून बोआल्द्यू पूल रंगवला. रूआँ समुद्रापासून बरंच आत आहे, तरी सेन नदीला तिथपर्यंत भरती लागते. व्हिसलरचा जुना बॅटरसी पूल, जो आता लंडनच्या टेट संग्रहात आहे, तोही थेम्सवरचाच. तिघांनी तीन तऱ्हेने काम केलं, पण प्रत्येकाने एक घटका पकडली. मोने एकाच वेळी अनेक कॅनव्हास हाताशी ठेवायचा आणि प्रकाश बदलला की कॅनव्हास बदलायचा. पुढे जिव्हर्नीला घरी नेऊन त्याने त्या चित्रांवर बराच हात फिरवला, १९०४ साली पॅरिसला त्यातली ३७ मांडली. म्हणजे सगळं जागेवरच रंगवलं पाहिजे असा सोवळेपणा त्याने पाळला नाही, तुम्हीही पाळू नका. मात्र एका कॅनव्हासवर दोन वेळा येऊ दिल्या नाहीत.

तुम्हाला जागेवर बसून अभ्यास करायचा असेल तर पंचांगाचा आणखी एक उपयोग. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज संध्याकाळी पाचला बघितलेलं पाणी उद्या पाचला नसतं, चार दिवसांत चित्रच पालटतं. म्हणून आठवडाभर रोज जाण्यापेक्षा शुद्ध पक्षातल्या एखाद्या तिथीला आणि वद्य पक्षातल्या त्याच तिथीला जा. पंधरवड्याने तीच वेळ, जवळपास तेच पाणी. बसायला दिवाळीनंतरचे महिने चांगले. मार्चनंतर क्षितिज धुरकट पांढरं होतं, आकाश आणि समुद्र वेगळे काढता येत नाहीत. कुणाला तेही आवडतं. जून-जुलै मात्र या विषयासाठी सोडून द्या. मासेमारीबंदीत होड्या काठावर ओढून झावळ्यांनी नाहीतर ताडपत्रीने झाकलेल्या असतात, पाणी लाल असतं. ते चित्र निराळं, आणि खरं तर फार चांगलं. कुणी काढत कसं नाही याचं मला नवल वाटतं.

आता पूल चिकटवल्यासारखा का दिसतो ते. तुमच्या चित्रात पुलावरचा डांबरी रस्ता दिसतो, त्यावरची लाल एसटी चाकांसकट दिसते, आणि त्याच पुलाचा खालचा तळही दिसतो. एका जागी उभ्या असलेल्या माणसाला ही दोन्ही अंगं एकदम दिसू शकत नाहीत. डोळा पुलाच्या खाली असेल तर तळ दिसेल, रस्ता नाही, एसटी कठड्यामागे अर्धी. डोळा वर असेल तर उलट. माझा अंदाज, एक फोटो काठावरचा आहे आणि एक उंचावरच्या थिबा पॉइंटवरचा. तेव्हा क्षितिजरेषा कुठे ते आधी ठरवा, कोळशाने कॅनव्हासवर खरोखर ओढा. काठावर उभं राहिलात तर ती खाली येईल आणि पूल तिच्यावर आडवा चढेल. त्यात भव्यपणा येतो, पण पाणी एक चिंचोळी पट्टी उरते आणि होड्या एकमेकींवर चढतात.

वर्दळीची नदी दाखवायची असेल तर मी थिबा पॉइंटच निवडेन. रत्नागिरीतला थिबा राजवाडा ज्या राजासाठी १९१० च्या सुमारास बांधला गेला त्या नजरकैदेतल्या ब्रह्मदेशच्या थिबाला इथून दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच, पण नजारा मात्र चित्रकाराच्या कामाचा आहे. काजळी नदीचा शेवटचा पसारा, पूल, पलीकडे समुद्र. उंचावरून बघितलं की पाणी जमिनीसारखं पसरतं, त्यावर होड्या मांडता येतात आणि त्यांच्यामधलं अंतर कळतं. पिसारोने हॉटेलच्या वरच्या खिडक्या धरल्या त्याला डोळ्यांचं दुखणं हे कारण होतं, वारा-धूळ त्याला सोसत नसे. पण त्या उंचीने पुलावरची माणसं, गाड्या, धक्क्यावरचा माल हे सगळं एका नजरेत आलं हेही खरं.

फोनबद्दल एक सावधगिरी. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते. जवळची होडी फुगते आणि लांबचा पूल काडीएवढा होतो. डोळ्याला पूल जेवढा मोठा वाटतो तेवढा फोटोत कधीच येत नाही. दुप्पट झूमवर फोटो घ्या, नाहीतर पूल बिनधास्त मोठा करा. व्हिसलरने बॅटरसीचा पूल प्रत्यक्षापेक्षा कितीतरी उंच केला, आणि अख्खा काढलाही नाही. एक खांब, वर थोडा आडवा भाग, बस्स. १८७८ च्या त्याच्या गाजलेल्या खटल्यात कोर्टाने हे चित्र बघून पुलावरचे आकार माणसं आहेत का अशी विचारणा केली होती. चित्र आज टेटमध्ये आहे. तुम्हीही भाट्ये पुलाचे सगळे खांब मोजून काढायचा हट्ट धरू नका.

जेवढे खांब घ्याल त्यांची अंतरं मात्र बरोबर हवीत. पहिल्या दोन खांबांची जागा डोळ्याने ठरवा. सगळ्या खांबांच्या माथ्यांवरून एक आणि पायथ्यांवरून एक अशा रेषा ओढा. त्या क्षितिजावर एकत्र येतील. आता पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या उंचीच्या बरोबर मध्यातून तिरकी रेषा खाली आणा. ती पायथ्याच्या रेषेला जिथे छेदेल तिथे तिसरा खांब. तसंच दुसऱ्यावरून चौथा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तुमच्या चित्रातला पूल उजवीकडे अचानक वाकल्यासारखा दिसतो तो यानेच सरळ होईल.

आता पाणी. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

तुमचं पाणी आकाशाच्याच नारिंगी रंगाने, त्याच हाताने, सगळीकडे सारखं रंगवलेलं आहे. पाणी लांब आणि जवळ सारखं नसतं. लांबच्या पाण्याकडे नजर तिरपी जाते, तिथे ते आकाशच परत दाखवतं. पायाजवळच्या पाण्यात नजर उभी शिरते, तिथे पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो. खाडीचा म्हणजे शेवाळी, मातकट, हिवाळ्यात जरा स्वच्छ हिरवा. म्हणून मावळतीच्या चित्रातही खालचा एक तृतीयांश भाग नारिंगी नको. तिथे यलो ऑकर, थोडा अल्ट्रामरीन, चिमूटभर बर्न्ट सिएना, आणि त्यावर लाटांच्या पाठींवर तुटक आकाश. फक्त एवढं बदललंत तरी चित्राला खोली येईल.

प्रतिबिंबाचे काही नियम पाठ करून टाका. उजेडाची वस्तू पाण्यात जरा गडद होते, काळोखी वस्तू जरा फिकी होते आणि पाण्याचा मातकट रंग घेते. म्हणजे खांब आणि त्याचं प्रतिबिंब एकाच टोनचे असूच शकत नाहीत, तुमचे आहेत. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली उतरतं, प्रवाह तिरका असो वा पूल तिरका असो. पण प्रतिबिंब म्हणजे वस्तू उलटी करून चिकटवणं नव्हे. पाणी तुमच्यापेक्षा खालून बघतं, त्यामुळे प्रतिबिंबात पुलाचा तळ जास्त दिसतो आणि कठडा कमी. सुकतीच्या वेळी काठाला लागलेल्या होडीचं प्रतिबिंब तर बरंचसं चिखलानेच खाल्लेलं असतं. लहरी असल्या की प्रतिबिंब उभं लांबतं, आडवं पसरत नाही. म्हणून वाऱ्याच्या दिवशी खांबांची प्रतिबिंबं खांबांपेक्षा लांब दिसतात, आणि सूर्याचा चकाकता पट्टा बघणाऱ्याकडे सरळ येतो. तो पट्टा पुलाने अडतो, पुलाच्या प्रतिबिंबातही अडतो. तुमच्या चित्रात तो पुलाच्या प्रतिबिंबावरून अखंड वाहत आलाय.

हात कसा चालवायचा? पाण्याचा मूळ रंग ओला असतानाच चपट्या केसाळ ब्रशने प्रतिबिंब वरून खाली ओढा. मग कोरडा स्वच्छ ब्रश आडवा, अगदी हलका, एकदाच फिरवा. दोनदा फिरवलात तर राड होते. शेवटी आकाशाचे दोन-चार आडवे फटकारे, लांब बारीक आणि जवळ जाड. आडव्या रेषांचा मोह आवरा. तुमच्या पाण्यात त्या इतक्या आहेत की सगळी खाडी रेघोट्यांची झाली आहे.

पूल स्वतः मावळतीसमोर काळा करू नका. काळ्या रंगाची ट्यूब बाजूलाच ठेवा. सावलीतल्या काँक्रीटमध्ये निळसर राखाडी असते, ती अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून छान येते, आणि पुलाच्या तळावर पाण्यावरून उसळलेला उबदार उजेड असतो. पाणी जेवढं शांत तेवढा तो स्पष्ट. हा उजेड आला की पूल पाण्याशी बांधला जातो, चिकटवलेला राहत नाही. पूल आणि आकाश यांची कडा सगळीकडे सारखी धारदार ठेवू नका. सूर्याजवळ ती विरघळते, लांब गेल्यावर पुन्हा ठाशीव होते.

होड्यांचं म्हणाल तर निम्म्या काढून टाका. उरलेल्यांचे दोन-तीन जथे करा. काठाला एकमेकींना बांधलेल्या होड्या हा एकच गडद आकार समजा, त्यातून डोलकाठ्या आणि निशाणं तेवढी वर येऊ द्या. मध्ये एखादी यांत्रिक होडी चालती दाखवा, तिच्यामागे फाटलेलं पाणी. पुढे काठाजवळ एखादी उलांडीची (बाजूला तोल सांभाळणारं लाकूड बांधलेली) लहान होडी, तिच्यात माणूस. माणसाच्या उंचीवरून बाकी सगळ्याचं माप कळतं. चालती होडी कुठल्या दिशेला जातेय हेही भरतीवर ठरतं. खाडीच्या मुखाशी वाळू साचते, म्हणून मोठ्या होड्या पाणी बघूनच आतबाहेर करतात. पूर्ण सुकतीला मुखातून भरधाव आत येणारी मोठी होडी काढलीत तर नाखवा पुन्हा हसतील. खरं तर पुढच्या वेळी कच्चं रेखाटन घेऊन त्यांच्याकडेच जा. रंगावर त्यांना बोलायला सांगू नका, फक्त विचारा, ही वेळ कुठली? त्यांना वेळ सांगता आली तर रंगवायला घ्या.

जुन्या कॅनव्हासवरच दुरुस्त्या करायच्या का? पाणी आणि होड्या एवढ्या बदलाव्या लागणार असतील तर नको. जाड रंगाचे कडे खालून वर डोकावत राहतात. नवा कॅनव्हास घ्या, पहिला थर रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावा, त्यात फक्त गडद-उजेडाचे मोठे आकार मांडा. अंबर लवकर वाळतो, आपल्या हवेत ही मोठी सोय. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढत गेलं पाहिजे, उलट नाही. तेलकट थरावर पातळ थर चढवलात तर वरचा तडकतो. टिटॅनियम व्हाइट वापरा. झिंक व्हाइट वाळल्यावर ठिसूळ होतो. टर्पेंटाइन महाग म्हणून रॉकेलने रंग पातळ करणारे इथे बरेच आहेत. त्याचा चिकटपणा मागे राहतो. खोबरेल तेलाने ब्रश मऊ ठेवायचे तर ठेवा, पण रंगवण्याआधी साबणाने पुरते धुवा. खोबरेल वाळणाऱ्या तेलांपैकी नाही. ते रंगात गेलं तर तेवढा भाग चिकटच राहील. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्याच्या डब्यात टाका.

डागांचं. आधी ते काय आहेत ते बघा. ठिपक्याठिपक्यांचे असतील, कुबट वास येत असेल आणि कॅनव्हासच्या मागेही असतील तर ती बुरशी. निळसर धुकट पटल सगळीकडे सारखं असेल तर वार्निश दमट हवेत लावल्याचा परिणाम. बुरशी असेल तर चित्र उतरवून, कोरड्या हवेशीर जागी, थेट उन्हात न ठेवता चांगलं वाळू द्या. मग नाकाला मास्क लावून घराबाहेर मऊ कोरड्या ब्रशने मागून-पुढून अलगद झटका. ओलं फडकं, जंतुनाशक, कापलेला बटाटा, यातलं काही नको. वार्निशचं पटल असेल तर हात लावू नका. कोरडे दिवस आले की चित्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून ते वार्निश उतरवून घ्या.

तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून घट्ट होतं, आणि दमट थंड हवेत हे फार सावकाश होतं. बोटाला कोरडं लागलं म्हणजे चित्र वाळलं असं समजू नका. जाड रंगाला सहा महिने ते वर्ष द्या आणि वार्निश फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दुपारी लावा. तोवर चित्र कपाटात गुंडाळून ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाचा मारा असतो, तिथे टांगू नका. आतल्या भिंतीवर टांगताना चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत बोटभर हवा खेळेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चौकटीमागे प्लायवूड ठोकून पूर्ण बंद केलेलं दिसतंय, ते मात्र आजच काढा.